लहान मातीची धरणे आणि त्यांची सुरक्षितता

रायपूर शहरातील शंकर नगर ही वसाहत आणि तेलीबांधा तलाव यांच्यात फारसे अंतर नाही. तलावाच्या काठाने आता फिरण्याचा रस्ता झाला आहे व शहर त्याला 'मरीन ड्राइव्ह' म्हणून ओळखते. संध्याकाळी तेथे फिरणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात येते की, तलावाच्या नावातच बांध आहे. माती टाकून, ती दाबून, उतारावरचे पाणी अडवायचे आणि ते भाताला द्यायचे, ही छत्तीसगडच्या मैदानाची जुनी रीत आहे. भात हे एका पावसाच्या खंडानेही हातचे जाणारे पीक आहे. पावसाने पंधरा दिवस ओढ दिली तर गावच्या तळ्याचे पाणीच शेतकऱ्याला तारते. रायपूरहून दक्षिणेस धमतरीकडे गेले की हीच रीत अभियांत्रिकीच्या मापात दिसू लागते. महानदीच्या सिलारी या उपनदीवरील मुरुमसिल्ली धरण १९२३ मध्ये, तर बालोदजवळचे तांदुळा धरण १९२१ मध्ये पूर्ण झाले. दोन्ही मातीची, दोन्ही शंभरी ओलांडलेली आणि दोन्ही अद्याप उभी.

याच राज्याच्या उत्तर टोकाला, बलरामपूर जिल्ह्यात, २ सप्टेंबर २०२५ च्या रात्री लुत्ती येथील लहान जलाशयाचा मातीचा बांध फुटला. १९८० च्या दशकाच्या आरंभी बांधलेले हे काम चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे होते. बांधाखालची घरे वाहून गेली व झोपेत असलेली माणसे दगावली. शंभर वर्षांचे धरण टिकते आणि त्याच्या निम्म्याहून कमी वयाचे फुटते, हे पाहता केवळ वयावरून धरणाची पारख करता येत नाही हे उघड आहे. मग ती कशावरून करावी, आणि ती करण्याचे काम कोणाचे, हे दोन प्रश्न देशातील हजारो लहान धरणांच्या बाबतीत विचारण्याजोगे आहेत. पहिल्याचे उत्तर अभियांत्रिकीत बरेचसे मिळते. दुसऱ्याचे उत्तर मिळणे अधिक कठीण आहे.

'लहान' म्हणजे किती लहान?

या विषयात परीक्षार्थींचा गोंधळ होतो तो वर्गवारीमुळे. सिंचनाच्या परिभाषेत प्रकल्पाचे वर्गीकरण लाभक्षेत्रावरून होते. २,००० हेक्टरपर्यंत लाभक्षेत्र असलेला प्रकल्प लघु, २,००० ते १०,००० हेक्टरपर्यंत मध्यम आणि त्यापुढील मोठा. धरणाच्या सुरक्षिततेच्या परिभाषेत मात्र विचार होतो तो उंचीचा व साठ्याचा. त्यामुळे एखादे धरण लघु पाटबंधारे प्रकल्पाचा भाग असूनही उंचीच्या निकषाने 'मोठे धरण' ठरू शकते. विशेषतः कोकणातील अरुंद दऱ्यांत, जेथे पंचवीस मीटर उंच भराव घालूनही भिजणारे क्षेत्र काही शे हेक्टरच असते. प्रकल्प लघु असल्यामुळे त्याला मिळणारा निधी, कर्मचारी व लक्ष लघु. पाण्याचा दाब मात्र उंचीप्रमाणे पूर्ण. ही विसंगती केवळ शब्दांची नाही. देखभालीच्या व्यवस्थेत ती प्रत्यक्ष उतरते.

धरणांची संख्या पाहिली की चित्र अधिक स्पष्ट होते. विनिर्दिष्ट धरणांच्या २०२३ च्या राष्ट्रीय नोंदवहीत पूर्ण झालेली व बांधकाम चालू असलेली मिळून ६,२८१ धरणे होती. राज्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला. जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्येच प्रसिद्ध केलेल्या जलसाठ्यांच्या पहिल्या गणनेत मात्र देशभरात २४,२४,५४० जलसाठे नोंदले गेले, त्यांतील ९७ टक्क्यांहून अधिक ग्रामीण भागातील. यांतील बहुसंख्य खोदलेली तळी व शेततळी आहेत आणि ती फुटण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तरीही सहा हजार आणि चोवीस लाख यांच्या मध्ये कोठेतरी असे असंख्य मातीचे बांध आहेत की ज्यांच्या मागे लाखो घनमीटर पाणी उभे राहते आणि ज्यांचे नाव कोणत्याही सुरक्षा नोंदवहीत नाही.

त्यांपैकी कित्येकांचा पूर्वी मालक होता. रायपूर आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते. मध्य प्रांताच्या या पट्ट्यात मालगुजार हा गावच्या तळ्याचा धनी असे. पाळीला खिंडार पडले तर गावकऱ्यांना कामाला लावून ते बुजविणे हे त्याच्याच हिताचे होते, कारण तळे फुटले तर त्याचा महसूल बुडत असे. ही व्यवस्था शोषणाची होती आणि ती गेली हे योग्यच झाले. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली, तळी शासनाकडे आली. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत त्यांना आजही 'माजी मालगुजारी तलाव' किंवा थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतात. महाराष्ट्रात शंभर हेक्टरपर्यंतच्या कामांची जबाबदारी जिल्हा परिषदेकडे असते, त्यापुढील लघु प्रकल्पांची मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्याहून मोठ्यांची जलसंपदा विभागाकडे. कागदावर मालक आहे. पण पाळीवर रोज फेरी मारणारा माणूस असेलच असे नाही.

भरावाच्या आत काय असते

मातीचे धरण म्हणजे कमी प्रतीचे धरण, हा समज आधी दूर केला पाहिजे. भारतातील सर्वांत उंच असलेले, २६०.५ मीटरचे टिहरी धरण माती व दगडांच्या भरावाचेच आहे. माती स्वस्त असते, जागेवर मिळते, काँक्रीटला लागतो तसा कठीण खडक पायाला मागत नाही आणि जमीन थोडी खचली तरी तिच्याबरोबर जुळवून घेते. तिचे दोष दोनच आहेत, पण ते जीवघेणे आहेत. माथ्यावरून पाणी वाहिले तर ती टिकत नाही. आणि आतून वाहणारे पाणी कण उचलू लागले तर ती स्वतःला पोखरत जाते. जगभरात फुटलेल्या मातीच्या धरणांची कारणे पाहिली तर बहुतेक घटना या दोन प्रकारांत, आणि त्याही जवळपास सारख्या प्रमाणात, विभागल्या जातात.

महाराष्ट्रातील नेहमीच्या पद्धतीच्या धरणात मध्यभागी चिकण काळ्या मातीचा गाभा असतो व त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचे कवच. गाभा पाणी अडवितो, कवच त्याला आधार देते. गाभ्याखाली खोल खंदक खणून तो कठीण थरापर्यंत नेतात व त्याच मातीने भरतात, म्हणजे पाण्याला पायाखालून सरळ वाट मिळू नये. पाण्याकडील उतारावर लाटांपासून संरक्षण म्हणून दगडी पिचिंग असते. मागच्या उताराच्या पायथ्याशी दगडांची रास असते. तिला क्षेत्रीय कर्मचारी 'रॉक टो' म्हणतात. तिच्या व मातीच्या मध्ये वाळू व खडीचे थर असतात, ते गाळणीचे. भरावाच्या पोटातून कालव्याला पाणी देणारा नळ किंवा मोरी जाते, तो विमोचक. आणि बाजूला, शक्यतो कठीण जमिनीत, जादा पाणी काढून देणारा सांडवा.

या यादीत सर्वसामान्य माणसाच्या नजरेस न पडणारा, पण धरणाचे आयुष्य ठरविणारा घटक गाळणी हा आहे. प्रत्येक मातीचे धरण झिरपते. झिरपणे हा दोष नाही. पाणी गाभ्यातून अतिशय मंद गतीने येते आणि मागच्या बाजूला बाहेर पडते. बाहेर पडताना त्याचा जोर मातीच्या बुडालेल्या वजनाइतका झाला की कण तरंगू लागतात व पाण्याबरोबर निघून जातात. गाळणी हे थांबविते. तिचे कण इतके बारीक हवेत की मागची माती त्यांतून निसटू नये, आणि इतके जाडही हवेत की पाणी अडून दाब वाढू नये. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कार्ल तेर्झाघी यांनी हा नियम मापात बसविला. जुन्या लहान तळ्यांच्या पाळीत अशी गाळणी बहुधा नसते. त्यांचे संरक्षण होते ते रुंद, पसरट उतारांमुळे.

पाण्याची पोखरण

कण निघून जाण्याची क्रिया एकदा सुरू झाली की ती मागून पुढे सरकते. बाहेरच्या तोंडाशी लहानशी पोकळी होते. पोकळीमुळे पाण्याचा मार्ग आखूड होतो. मार्ग आखूड झाला की वेग वाढतो. वेग वाढला की अधिक कण सुटतात. उंदराने पोत्याला भोक पाडावे तसे हे बीळ जलाशयाच्या दिशेने वाढत जाते आणि ज्या दिवशी ते पाण्याला जाऊन भिडते, त्या दिवशी पुढचे सर्व काही तासांत आटोपते. अभियंते याला 'पाइपिंग' म्हणतात. अमेरिकेतील आयडाहो राज्यात ५ जून १९७६ रोजी टेटन धरण याच प्रकारे गेले. सकाळी गढूळ पाण्याची गळती दिसली आणि दुपारच्या आत धरण फुटले. ते लहान नव्हते, जुनेही नव्हते. त्याचे जलाशय प्रथमच भरत होते. पहिल्या भरणीच्या काळात व नंतरच्या काही वर्षांत हा धोका सर्वाधिक असतो.

यावरून क्षेत्रीय पाहणीचा एक साधा नियम निघतो: गळतीचे प्रमाण पाहावे, पण त्याहून आधी तिचा रंग पाहावा. वर्षानुवर्षे एकाच जागी, एकाच प्रमाणात येणारे स्वच्छ पाणी बहुधा निरुपद्रवी असते. तेच पाणी गढूळ झाले, किंवा जलाशयाची पातळी तीच असताना गळती वाढली, तर धरण आतून माती गमावीत आहे असे समजावे. म्हणूनच पायथ्याच्या चरीत इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराची खाच असलेली फळी बसवून गळती रोज मोजतात. या फळीचा खर्च नगण्य आहे. तिच्यापुढे उभे राहून आकडा लिहिणारा माणूस मात्र लागतो.

विमोचकाची जागा या दृष्टीने सर्वांत नाजूक. दगडी किंवा काँक्रीटच्या मोरीच्या कडेने माती नीट दाबता येत नाही, तेथे फट राहते आणि पाणी ती शोधून काढते. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचे पानशेत धरण फुटले व पुण्याचा जुना नदीकाठ उद्ध्वस्त झाला. तेव्हाही बांधकाम अपुरे असताना जलाशय भरला होता आणि विमोचकावरचा भराव खचत गेला होता. सैनिकांनी रात्रभर वाळूची पोती रचून पाणी काही तास रोखून धरले. त्या तासांमुळे फूट दिवसाउजेडी झाली आणि कित्येक जीव वाचले.

झाडे आणि प्राणी हा दुसरा मार्ग. पाळीवर उगवलेले झाड सावली देते, म्हणून गावकरी ते राखतात. पण झाड वठले की मुळे कुजतात व मातीत पोकळ नळ्या शिल्लक राहतात. वाळवी, घूस, साळिंदर आणि खेकडे हेच काम जिवंतपणी करतात.

खेकड्यांचा उल्लेख महाराष्ट्रात थट्टेचा विषय झाला तो तिवरे दुर्घटनेनंतर. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथील लघु पाटबंधाऱ्याचे मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. खालची भेंदवाडी पाण्याच्या लोंढ्यात सापडली आणि वीसच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. धरणाचे वय वीस वर्षांच्या आतले. गळतीबद्दल ग्रामस्थांनी पूर्वीच कळविले होते आणि पावसाळ्याआधी काही डागडुजीही झाली होती. दुर्घटनेनंतर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे कारण पुढे केले आणि त्यावर राज्यभर टीका झाली. शासनाने चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले.

थट्टा बाजूला ठेवून या विधानाकडे पाहिले तर त्यात एक तांत्रिक तथ्य आहे आणि एक मोठी पळवाटही. प्राण्यांची बिळे मातीच्या धरणाला धोकादायक असतात, हे धरण पाहणीच्या प्रत्येक नियमावलीत नमूद असते. पण ती नमूद असते ती पाहणीत शोधून बुजविण्याची बाब म्हणून. बीळ एका रात्रीत होत नाही. ते दिसते, त्यातून ओल येते, ओलीवर हिरवे गवत उगवते, उन्हाळ्यातही ते हिरवे राहते. खेकडा हे कारण ठरत असेल, तर तो किती पावसाळे तेथे होता आणि त्या प्रत्येक पावसाळ्याआधीच्या पाहणीत काय लिहिले गेले, हा पुढचा प्रश्न अटळ आहे.

डागडुजीबाबतही एक गैरसमज सार्वत्रिक आहे. मागच्या बाजूने पाणी येताना दिसले की तेथे चिकणमाती ठासून तोंड बंद करण्याकडे कल असतो. ते घातक ठरते. पाण्याचा दाब आत कोंडतो आणि ते शेजारून, अधिक जोराने, नवी वाट काढते. योग्य उपाय उलटा आहे. गळतीच्या जागी आधी वाळू, तिच्यावर बारीक व मग जाड खडी पसरायची, म्हणजे पाणी येत राहील पण माती येणार नाही. आणि भोवती वाळूच्या पोत्यांचे कडे करून आतले पाणी थोडे चढू द्यायचे, म्हणजे बाहेर पडण्याचा जोर कमी होईल. पाणी बंद करायचे असेल तर ते जलाशयाच्या बाजूने.

सांडव्याचे गणित

दुसरा धोका माथ्यावरून पाणी जाण्याचा. याचे उत्तर सांडवा, आणि सांडवा किती मोठा हवा याचे उत्तर भारतीय मानक ११२२३ मध्ये आहे. एकूण साठा अर्धा ते दहा दशलक्ष घनमीटर व पाण्याची उंची साडेसात ते बारा मीटर असलेले धरण लहान. त्याचा सांडवा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखतात. मध्यम धरणासाठी प्रमाणित प्रकल्प पूर व मोठ्यासाठी संभाव्य महत्तम पूर धरतात.

'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दप्रयोगाने परीक्षार्थीच नव्हे तर प्रशासकही फसतात. त्याचा अर्थ असा की, तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता दर वर्षी एक टक्का असते. एखाद्या वर्षी तो न येण्याची शक्यता ०.९९. सलग पन्नास वर्षे न येण्याची शक्यता ०.९९ चा पन्नासावा घात, म्हणजे सुमारे ०.६०५. म्हणजेच पन्नास वर्षांच्या आयुष्यात लहान धरणावर त्याच्या संकल्पनेपेक्षा मोठा पूर येण्याची शक्यता जवळपास चाळीस टक्के आहे. शिवाय पुराचा अंदाज ज्या पर्जन्यनोंदींवर बेतला, त्या कित्येक ठिकाणी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या. कमी तासांत अधिक पाऊस पडण्याच्या घटना त्यांत पुरेशा उतरलेल्या नाहीत. मानकात पळवाट नाही असे नाही, पण ती चांगल्या अर्थाची आहे: खाली वस्ती असेल तर लहान धरणासाठीही मोठा पूर धरता येतो. अडचण अशी की धरण बांधले तेव्हा खाली शेत होते. घरे नंतर आली. धरणाची उंची तीच राहिली, पण धोक्याची श्रेणी बदलली, आणि ती बदलल्याची नोंद कोठेच झाली नाही.

आखलेला सांडवा तरी पूर्ण उपलब्ध असतो का? येथे गावपातळीवरचे अर्थकारण आड येते. सांडव्याच्या माथ्यावर पोती रचून वीतभर पाणी जास्त धरले की रब्बीला एक पाळी अधिक मिळते. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळी लावतात, तिच्यात पुराबरोबर आलेला काडीकचरा अडकतो. कोणी सांडव्याच्या चरीत पीक घेतो. यातील प्रत्येक कृती समजण्याजोगी आहे, आणि प्रत्येकीने सांडवा व धरणमाथा यांच्यातील मोकळी उंची घटते. ती दीड-दोन मीटरच असते. ट्रॅक्टरच्या वाहतुकीने माथ्यावर चाकोऱ्या पडून एखादी जागा अर्धा मीटर खाली बसली असेल, तर पाणी प्रथम तेथूनच ओसंडते.

मुरुमसिल्लीच्या शंभर वर्षांमागे बांधणीइतकाच त्याच्या सांडव्याचाही हात आहे. कंडेल येथील १९२० च्या नहर सत्याग्रहाचे नेते बाबू छोटेलाल श्रीवास्तव यांचे नाव आता या धरणाला दिलेले आहे. तेथील सायफन सांडवे पाणी ठरावीक पातळीला पोहोचताच आपोआप वाहू लागतात. दरवाजा उघडायला माणूस, वीज किंवा आदेश लागत नाही. रात्री दोन वाजता येणाऱ्या पुराच्या बाबतीत हा गुण फार मोलाचा आहे.

रिकामे करायला तेवीस दिवस

धोका दिसल्यावर धरण रिकामे करावे, असे सहज सुचते. एक उदाहरण घेऊ. वीस लाख घनमीटर साठ्याच्या तलावाचा विमोचक सेकंदाला एक घनमीटर पाणी सोडतो असे धरले, तर तो रिकामा व्हायला वीस लाख सेकंद, म्हणजे सुमारे तेवीस दिवस लागतील. तेही वरून एक थेंब येत नसताना. हाच साठा फुटीतून तास-दोन तासांत बाहेर येतो. आणि एखाद्या मार्गाने पाणी फार झपाट्याने उतरविलेच, तर पाण्याकडील उतारातील माती ओलीच राहते, समोरचा पाण्याचा आधार मात्र निघून जातो आणि तो उतार घसरण्याची भीती असते. लहान धरणाला संकटकाळी पाणी सोडण्याचा मार्ग जवळपास नसतो. त्याच्यापुढे खरा उपाय एकच उरतो: माणसे हलविणे. आणि त्यासाठी दोष लवकर दिसावा लागतो.

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात ऑगस्ट २०२२ मध्ये नेमके हे घडले. कारम नदीवरील बांधकाम चालू असलेल्या मातीच्या धरणातून गळती सुरू झाली. धार व खरगोन जिल्ह्यांतील अठरा गावे रिकामी करण्यात आली, धरणाच्या बाजूने चर खोदून पाण्याला वाट करून दिली गेली आणि १४ ऑगस्ट रोजी जलाशयाचे पाणी लोंढ्याने खाली गेले. बांधकामाच्या दर्जावर व्हायचे ते प्रश्न उपस्थित झाले. जीवितहानी मात्र झाली नाही. तिवरे, लुत्ती व कारम येथील माती, पाऊस किंवा बांधणी यांची तुलना करणे घाईचे होईल. पण दिवसाउजेडी दिसलेली गळती आणि रात्री अनपेक्षित आलेला लोंढा यांतील फरक माणसांच्या संख्येत मोजता येतो.

कायदा आणि त्याची उंची

११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातमधील मच्छू-२ धरण फुटून मोरबी शहर बुडाले. त्याच वर्षी केंद्रीय जल आयोगात धरण सुरक्षा संघटना स्थापन झाली. महाराष्ट्राची संघटना १९८० पासून नाशिक येथे काम करते. राष्ट्रीय समिती १९८७ मध्ये आली. कायद्याला मात्र आणखी तीन दशके लागली, आणि त्याचे एक कारण घटनात्मक होते. पाणी हा राज्यसूचीतील सतराव्या नोंदीचा विषय. २०१० चे विधेयक आंध्र प्रदेश व पश्चिम बंगाल यांच्या ठरावांच्या आधारे अनुच्छेद २५२ खाली मांडले गेले होते. तसा कायदा स्वीकारणाऱ्या राज्यांपुरताच लागू झाला असता. २०१९ च्या विधेयकाने संघसूचीतील छप्पन्नाव्या नोंदीचा, आंतरराज्य नद्यांच्या नियमनाचा, आधार घेतला. संसदेची मंजुरी डिसेंबर २०२१ मध्ये मिळाली आणि धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून अंमलात आला. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरण फेब्रुवारी २०२२ मध्ये स्थापन झाले.

कायद्याचा गाभा पाहणी व जबाबदारी हा आहे. धरणमालकाने सुरक्षा कक्ष ठेवावा, पावसाळ्यापूर्वी व नंतर पाहणी करावी, पूर, भूकंप किंवा बिघाडाची चिन्हे दिसताच पुन्हा पाहणी करावी, आणीबाणीच्या काळात अभियंते जागेवर ठेवावेत. अंमलबजावणीपासून पाच वर्षांच्या आत प्रत्येक धरणासाठी आपत्कालीन कृती आराखडा तयार व्हावा आणि स्वतंत्र तज्ज्ञ मंडळाकडून सर्वंकष मूल्यमापन व्हावे. कायद्याचे पालन न केल्यास कारावासाची तरतूद आहे. त्यातून जीवितहानी झाल्यास ती दोन वर्षांपर्यंत जाते.

हे सर्व लागू आहे ते 'विनिर्दिष्ट' धरणांना. उंची १५ मीटरपेक्षा अधिक असलेली सर्व धरणे त्यात येतात. १० ते १५ मीटरमधील धरण येते ते माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, किंवा साठा किमान दहा लाख घनमीटर, किंवा महत्तम पूर विसर्ग सेकंदाला किमान २,००० घनमीटर असेल तर. अथवा पाया विशेष अडचणीचा किंवा संकल्पन असाधारण असेल तर. दहा मीटरखालचे धरण कोणत्याही साठ्याचे असले तरी या व्याख्येबाहेर राहते. साडेनऊ मीटर उंचीचा, बारा लाख घनमीटर साठ्याचा, खाली शंभर घरांची वाडी असलेला तलाव कायद्याच्या दृष्टीने धरणच नव्हे. निकषांत उंची आहे, लांबी आहे, विसर्ग आहे; खाली राहणाऱ्या माणसांची संख्या नाही. रेषा कोठेतरी आखावीच लागते आणि चोवीस लाख जलसाठ्यांना एकाच प्राधिकरणाखाली आणणे अशक्य आहे, हा युक्तिवाद रास्त आहे. मात्र रेषेखालच्या धरणांसाठी राज्यांना स्वतःचे नियम करण्यास या कायद्याची आडकाठी नाही.

निधीचे वाटपही याच रेषेने चालते. धरण पुनर्वसन व सुधारणा प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात, २०१२ ते २०२१ या काळात, सात राज्यांतील २२३ धरणांची कामे झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यांत १९ राज्यांतील ७३६ धरणांसाठी १०,२११ कोटी रुपयांची तरतूद आहे व त्यात छत्तीसगड आणि महाराष्ट्र दोन्ही आहेत. लहान तलावांसाठी जलसाठ्यांची दुरुस्ती, नूतनीकरण व पुनर्स्थापना योजना २००५ पासून आहे, ती पुढे प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेत सामावली गेली. तिचा भर गाळ काढणे व हरवलेली सिंचनक्षमता परत मिळविणे यावर असतो. गाळ काढला की साठा वाढतो, म्हणजे जुन्याच पाळीवर अधिक काळ अधिक पाणी उभे राहते. शिवाय खोदाई पाळीच्या पायथ्याला फार जवळून झाली तर जलाशयाच्या तळाचा, पाणी अडविणारा चिकण थरच निघून जातो. अशा कामाच्या अंदाजपत्रकात पाळीची व सांडव्याची तपासणी ही स्वतंत्र बाब म्हणून धरणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

रेषेखालच्या तलावाची पावसाळ्यापूर्वीची पाहणी दोन माणसांना अर्ध्या दिवसाचे काम आहे. माथ्यावरून चालत जाऊन खचलेल्या जागा व भेगा पाहायच्या. पिचिंगचे निखळलेले दगड मोजायचे. मागच्या उतारावर उन्हाळ्यात हिरवे असलेले गवत कोठे आहे ते टिपायचे. बिळे व वठलेल्या झाडांची खोडे शोधायची. विमोचकाची झडप पूर्ण उघडून व बंद करून पाहायची. सांडव्याची रुंदी टेपने मोजून मूळ नकाशाशी ताडायची. आणि पाळीखाली गेल्या वर्षापासून किती घरे वाढली ते लिहायचे. यातील शेवटची नोंद सोडली तर बाकी सर्व प्रचलित पाहणी तक्त्यांत असते. भरलेला तक्ता जिल्हा परिषदेच्या उपविभागात जातो. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, अशी सक्ती मात्र नाही.